डोंगरावरचं गाव, लपवलेली माणसं

१९४०-४१ चा हिवाळा. दक्षिण फ्रान्समधल्या एका उंच पठारावर बर्फ पडत होता आणि ल शाम्बों-सुर-लिन्यों नावाच्या गावात चर्चच्या पाळकाच्या घराचं दार वाजलं. दारात जर्मनीतून पळून आलेली एक ज्यू बाई उभी होती. पाळकांच्या पत्नी माग्दा त्रोक्मे यांनी तिला आत घेतलं, चुलीपाशी बसवलं, खायला दिलं, भिजलेले बूट धगीजवळ वाळत ठेवले. मग कुठल्याही सरळमार्गी माणसाला सुचेल तेच त्यांनी केलं. या बाईला राहण्यापुरते काही कागद मिळतील का, हे विचारायला त्या थेट मेयरच्या कचेरीत गेल्या. मेयरने साफ नकार दिला. एका परक्या बाईसाठी गावातल्या फ्रेंच माणसांना धोक्यात घालणार का, उद्या सकाळपर्यंत तिला इथून घालवा, असं त्याचं म्हणणं. माग्दाबाई घरी परतल्या तोवर चुलीजवळचे बूट जळून गेले होते. त्या बाईसाठी कुठून तरी दुसरे बूट मिळवले, पुढच्या ठिकाणाचा पत्ता दिला आणि तिला वाटेला लावलं.

पुढच्या चार वर्षांत या गावाने आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांनी काही हजार लोकांना आसरा दिला. जुन्या लिखाणात पाच हजारांचा आकडा सापडतो. नंतरच्या अभ्यासकांनी ज्यूंचा आकडा तीन-साडेतीन हजारांच्या आसपास धरला आहे. गावाची स्वतःची वस्ती जेमतेम तीन हजार. गोष्ट सांगणारे सहसा या आकड्यापासून सुरुवात करतात. मला मात्र त्या जळलेल्या बुटांपासून आणि फसलेल्या विनंतीपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. श्रद्धा उघडपणे जगायची ठरवली तर काय उघड करायचं आणि कुणासमोर? माग्दाबाईंनी त्या दिवशी सगळंच उघड केलं होतं, तेही चुकीच्या माणसासमोर.

येशूच्या डोंगरावरील प्रवचनात दोन वाक्यं आहेत. वाचताना दोन्ही पटतात, जगायला गेलं की एकमेकांना धक्का देतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हटलं आहे की डोंगरावर वसलेलं नगर लपत नाही आणि दिवा लावून कुणी मापाखाली ठेवत नाही. पुढच्याच अध्यायात सांगितलं आहे की उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. दाखवा की दाखवू नका? उपासनेत यावर उत्तर सोपं असतं. श्रद्धा दाखवा, पुण्य दाखवू नका, असं सांगून पाळक पुढे सरकतात. शाम्बोंमध्ये हा प्रश्न पोलिसांच्या बसच्या रूपाने दारात उभा राहिला.

आधी थोडी पार्श्वभूमी. हे पठार समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरवर आहे. हिवाळ्यात बर्फाने रस्ते अडतात आणि शेतघरं एकमेकांपासून लांब लांब. बहुसंख्य लोक प्रोटेस्टंट, म्हणजे कॅथलिक फ्रान्समध्ये अल्पसंख्य. प्रोटेस्टंटांना धर्म पाळायची मोकळीक देणारं नांतचं फर्मान १६८५ मध्ये चौदाव्या लुईने रद्द केलं आणि प्रोटेस्टंट धर्म बेकायदा ठरला. त्यानंतर शंभर वर्षं यांच्या पूर्वजांनी रानात, गुहांत चोरून उपासना केल्या. मारी द्युरां ही मुलगी १७३० मध्ये एग-मोर्तच्या बुरुजात कैद झाली आणि ३८ वर्षांनी सुटली. फक्त मी माझा धर्म सोडला असं म्हणायचं होतं, तेवढं तिने म्हटलं नाही. त्या बुरुजाच्या दगडावर ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एकच शब्द कोरलेला आहे आणि फ्रेंच प्रोटेस्टंट घरांतली मुलं ही गोष्ट ऐकतच मोठी होतात. थोडक्यात, या लोकांना पोलिसांपासून माणूस लपवणं कुणी शिकवायला नको होतं.

आणखी एक कारण भक्तीच्या लेखांत सहसा येत नाही, पण ते तितकंच खरं आहे. हे हवा खायला येण्याचं गाव होतं. सेंत-एतिएनसारख्या कारखान्यांच्या शहरांतली अशक्त मुलं उन्हाळ्यात इथे राहायला येत. शेतकऱ्यांकडे, खाणावळींत, वसतिगृहांत अनोळखी पोरं दिसणं ही नेहमीची बाब होती. दोन मुलं वाढली तर कुणी वळून बघत नसे.

आंद्रे त्रोक्मे इथे १९३४ मध्ये पाळक म्हणून आले. शस्त्र उचलणार नाही, ही त्यांची भूमिका पक्की होती आणि त्यामुळे त्यांच्याच चर्चची वरिष्ठ मंडळी त्यांना जागा द्यायला कचरत होती. शाम्बोंच्या मंडळीने त्यांना घेतलं. त्यांचे सहकारी एदुआर तेइस हेही त्याच विचाराचे. दोघांनी १९३८ मध्ये एक माध्यमिक शाळा काढली आणि तेइस तिचे प्रमुख झाले.

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीपुढे मान तुकवून युद्धविराम केला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चच्या दारावर ‘एकमेकांवर प्रीती करा’ असं कोरलेलं आहे. त्या दारातून आलेल्या लोकांसमोर त्या सकाळी दोन्ही पाळकांच्या नावाने एक निवेदन वाचलं गेलं. आपल्या सदसद्विवेकावर जी जबरदस्ती होईल तिचा आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे, आणि शुभवर्तमानाच्या विरुद्ध आज्ञा आली तर आपण ती पाळणार नाही, असा त्याचा आशय. भीती न ठेवता, पण गर्व आणि द्वेषही न ठेवता.

याची तारीख महत्त्वाची आहे. अजून कुणी काही मागितलं नव्हतं, जर्मनीशी हातमिळवणी करणाऱ्या मार्शल पेतां यांच्या व्हिशी सरकारने ज्यूंविरुद्ध एकही कायदा केला नव्हता. प्रसंग येण्याआधीच, शांत डोक्याने, सगळ्यांसमोर ते बोलून ठेवलेलं होतं. प्रसंग दारात आल्यावर माणूस तत्त्व शोधू लागला की त्याला बहुतेक वेळा सबब सापडते.

मग छोटे छोटे नकार सुरू झाले. शाळेत झेंड्याला हात ताठ करून सलामी द्यायचा हुकूम आला. पाळकांच्या शाळेने तो पाळला नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये पेतांच्या माजी सैनिकांच्या संघटनेच्या वर्धापनदिनी चर्चची घंटा वाजवायचा आदेश आला. अमेली नावाची एक बाई चर्चची राखण करायची. तिने घंटा वाजवली नाही. जाब विचारायला आलेल्या बायकांना तिने सांगितलं की घंटा देवाची आहे, मार्शलची नाही. मला हा प्रसंग दोन्ही पाळकांच्या निवेदनाइतकाच मोठा वाटतो. पाळकाला बोलण्याचा पगार असतो, अमेलीला नव्हता.

इथपर्यंतचं सगळं दिवठणीवरच्या दिव्यासारखं. पण एवढंच असतं तर शाम्बोंची गोष्ट तत्त्वनिष्ठ माणसांची, थोडी मिरवण्याची म्हणून संपली असती. सलामी न दिल्याने कुणाचा जीव वाचत नाही.

जीव वाचायला लागले ते दुसऱ्या बाजूने. दक्षिण फ्रान्समध्ये सरकारने परदेशी ज्यूंसाठी छावण्या उभ्या केल्या होत्या. तिथे जाऊन काम करावं, असं त्रोक्मेंच्या मनात होतं. युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे कार्यकर्ते बर्न्स चामर्स यांनी त्यांना वेगळंच सुचवलं. छावणीत जाऊन काम करणारे आहेत. मुलांना तिथून बाहेरही काढता येतं, पण त्यांना ठेवून घ्यायला कुणी तयार नाही. तुमचं गाव घेईल का? जाऊन काहीतरी मोठं करण्याची तयारी असलेल्या माणसाला तू होतास तिथेच राहा आणि दार उघडं ठेव, असं सांगितलं गेलं. गावाने होकार दिला. क्वेकर, स्विस मदतसंस्था, ‘सिमाद’ ही प्रोटेस्टंट संघटना अशांच्या पैशांतून मुलांची घरं सुरू झाली. त्रोक्मेंना जुन्या करारातली आश्रयनगरं आठवत होती. निर्दोष रक्त सांडू नये म्हणून पळून आलेल्याला आसरा देणारी ती नगरं. आपलं गाव तसंच, असं ते मानत.

काम कसं चालत होतं, ते बघण्यासारखं आहे. त्रोक्मेंनी मंडळीतल्या तेरा जणांना आपापल्या वस्तीत बायबल अभ्यासाचे गट चालवायला लावलं होतं. हे तेरा जण दर पंधरवड्याला पाळकांबरोबर एका उताऱ्यावर चर्चा करत आणि मग आपल्या गटाकडे जात. हेच जाळं पुढे निरोपांचं जाळं झालं. कुणाला कुठे ठेवायचं हे बहुतेक वेळा स्वयंपाकघरात ठरे, आणि ठरवणाऱ्या बऱ्याचदा बायकाच. शेजाऱ्याच्या घरी कोण राहतं हे विचारायचं नाही, हा अलिखित नियम. संपूर्ण यादी कुणाकडेच नव्हती. धाड पडणार असली की पाळकांच्या घरचा फोन वाजे, कुणीतरी नाव न सांगता ‘उद्या सकाळी’ एवढं सांगून फोन ठेवून देई. खोटी ओळखपत्रं आणि शिधापत्रिका बनवणारे हात वेगळे. ओस्कार रोझोव्स्की नावाचा अठरा-एकोणीस वर्षांचा ज्यू तरुण त्यांतला एक. काही जणांना टप्प्याटप्प्याने स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत पोचवलं जाई.

हे सगळं फक्त त्रोक्मेंच्या मंडळीचं काम नव्हतं. शेजारच्या गावांतले पाळक होते, कॅथलिक होते, देवाधर्माशी फारसा संबंध नसलेले शिक्षक होते. शेतघरांत डार्बीपंथी म्हणून ओळखली जाणारी अबोल, कडक माणसं होती. पाळकच नसलेला हा पंथ जुना करार अक्षरशः जगतो. आलेला माणूस ज्यू आहे हे कळल्यावर देवाच्या निवडलेल्या लोकांतलं कुणीतरी आपल्या घरी आलं म्हणून त्यांतल्या एका घरात आनंद झाला, अशी आठवण सांगितली जाते. माग्दाबाई स्वतःही ईश्वरशास्त्राच्या चर्चांत रमणाऱ्या नव्हत्या. दार वाजलं की उघडायचं, एवढंच त्यांचं ईश्वरशास्त्र.

श्रद्धा उघडपणे जगणं म्हटलं की आपल्याकडे लगेच धर्मांतराचा विषय निघतो, म्हणून इथेच सांगतो. आसऱ्याला आलेल्या मुलांना ख्रिस्ती करून घेण्याचा प्रयत्न या गावात झाला नाही आणि त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक होती. दिलेल्या भाकरीची किंमत वसूल करायची नाही, हे या लोकांना कळत होतं. त्यांच्या आज्यापणज्यांचा धर्म बदलायला कुणीतरी शंभर वर्षं जोर लावला होता.

आता १९४२ चा ऑगस्ट. १६-१७ जुलै १९४२ ला पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी १३,१५२ ज्यूंना पकडलं. त्यांत चार हजारांहून जास्त मुलं होती. बहुतेकांना आधी एका बंदिस्त सायकल-स्टेडियममध्ये कोंडलं आणि मग पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे पाठवलं. त्यानंतर काही आठवड्यांतच व्हिशी सरकारच्या युवक विभागाचे प्रमुख जॉर्ज लामिरां शाम्बोंच्या भेटीला आले. स्वागत थंड झालं. शाळेतल्या मोठ्या मुलांनी त्यांच्या हाती एक पत्र दिलं. त्याचा आशय असा. पॅरिसमध्ये काय झालं ते आम्हाला कळलं आहे. आमच्यात काही ज्यू आहेत. आम्ही ज्यू आणि इतर असा भेद करत नाही कारण तो शुभवर्तमानाच्या शिकवणीविरुद्ध आहे. आमच्या सोबत्यांना न्यायचा हुकूम आला तर ते तो मोडतील आणि आम्ही त्यांना शक्य तितकं लपवू.

हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हबकलो. लपवणारा माणूस, आम्ही लपवणार आहोत, असं सरकारच्या माणसालाच लिहून देतो? चार शहाण्यांना विचारलं तर सगळे म्हणतील की हा पोरकटपणा आहे, गप्प बसा, काम करा. जिल्ह्याचे प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेले जिल्हाधिकारी, रोबेर बाश तिथेच होते, ते भडकले. माझी माणसं येऊन इथल्या ज्यूंची तपासणी करतील, असं त्यांनी त्रोक्मेंना बजावलं. त्रोक्मेंचं उत्तर होतं की ज्यू काय ते आम्हाला माहीत नाही, आम्ही फक्त माणसं ओळखतो.

दोनेक आठवड्यांत पोलीस रिकाम्या बस घेऊन आले. अधिकाऱ्याने पाळकांकडे नावांची यादी मागितली. त्रोक्मे म्हणाले, नावं मला ठाऊक नाहीत आणि ठाऊक असती तरी दिली नसती. ही माणसं इथे आसऱ्याला आली आहेत आणि मी त्यांचा मेंढपाळ आहे. पहिला भाग खोटा नव्हता. खोट्या ओळखपत्रांवरची नावं खरी नव्हती आणि खरी नावं त्यांनी मुद्दाम विचारली नव्हती. पोलीस काही आठवडे रानं-शेतं धुंडाळत राहिले. पहिल्या दिवशी बसमध्ये एकटा एक माणूस बसवला होता. गावातले लोक येऊन त्याला काहीबाही खायला देत राहिले. पाळकांच्या मुलाने आपल्याकडचा युद्धकाळातल्या नकली चॉकलेटचा तुकडा त्याला दिला. तो माणूसही पुढे सुटला.

आता पत्राकडे परत जाऊ. ते मूर्खपणाचं होतं का? मी बराच काळ तसं मानत होतो, आता मानत नाही. पत्रात एकही नाव नव्हतं, एकही घर नव्हतं. त्यात फक्त भूमिका होती, आणि ती गावाने दोन वर्षांपूर्वीच चर्चमध्ये जाहीर केलेली होती. जाहीर केल्यामुळे दोन गोष्टी झाल्या. गावातल्या काठावर बसलेल्या माणसाला कळलं की आपण काय म्हणून ओळखले जाणार आहोत, मग त्याला गुपचूप हात झटकणं अवघड झालं. आणि छावणीतून सुटलेल्या, कुठे जावं न कळणाऱ्या माणसापर्यंत बातमी पोचली की अमुक पठारावर अशी माणसं आहेत. पूर्ण गुप्तता ठेवली असती तर ती पोलिसांपासून वाचवते, पण गरजूलाही दार सापडू देत नाही. शाम्बोंने आपली बाजू दिवठणीवर ठेवली आणि माणसं मापाखाली. मेयरच्या कचेरीत माग्दाबाईंकडून नेमकं उलटं झालं होतं.

याची किंमत मोजावी लागली. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन फौजांनी दक्षिण फ्रान्सही व्यापला. १३ फेब्रुवारी १९४३ च्या संध्याकाळी त्रोक्मे, तेइस आणि गावच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. अटकेला आलेल्या पोलिसांना माग्दाबाईंनी, जेवणाची वेळ आहे, बसा, म्हटलं आणि ताटं वाढली. नंतर यावर लोकांनी फार कौतुक केलं तर त्या वैतागत. जेवायची वेळ होती, त्यात काय मोठं, असं त्यांचं म्हणणं. बातमी कळताच गावकरी एकामागून एक भेटी घेऊन आले, सार्डिनचा डबा, मेणबत्ती असलं काय काय. मेणबत्तीला काडेपेटी नव्हती, ती पोलीस अधिकाऱ्याने स्वतःची काढून दिली. त्यांना लिमोजजवळच्या छावणीत ठेवलं. तिथून सोडण्यापूर्वी मार्शलच्या आज्ञा पाळण्याच्या कागदावर सही मागितली गेली. दोन्ही पाळकांनी ती केली नाही, आणि तरीही पुढे ते सुटले.

सगळे इतके सुदैवी नव्हते. २९ जून १९४३ रोजी गेस्टापोने, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी, ‘मेझों दे रोश’ या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर धाड घातली. पाळकांचे नात्यातले दानिएल त्रोक्मे तिथले प्रमुख होते. त्यांना निसटण्याची संधी होती, पण मुलांना सोडून ते गेले नाहीत. अठरा विद्यार्थ्यांबरोबर त्यांना नेलं आणि एप्रिल १९४४ मध्ये मायदानेक छावणीत त्यांचा मृत्यू झाला. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना ऑगस्ट १९४४ मध्ये ल्यों शहराजवळ गोळ्या घातल्या गेल्या. अहिंसेने गाव वाचलं, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं विसरू नयेत.

आणि खोटं बोलण्याचं काय? ज्या प्रवचनावर हे गाव उभं होतं, त्याच प्रवचनात, तुमचं बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही असं असू द्या, हेही आहे. खोटी ओळखपत्रं बनवणं गावाने स्वीकारलं, कारण त्याशिवाय माणसं मेली असती, पण त्रोक्मे पती-पत्नींना ते सलत राहिलं. १९४३ च्या उन्हाळ्यात त्रोक्मे स्वतः भूमिगत झाले तेव्हा त्यांच्याही खिशात दुसऱ्याच नावाचं कार्ड होतं. पुढे ल्योंच्या स्टेशनवर जर्मन पोलिसांनी त्यांना पकडलं. बरोबर लहान मुलगा होता. तिथे उभं असताना त्यांनी मनाशी ठरवलं की थेट नाव विचारलं तर खरं सांगायचं, म्हणजे बहुधा मरायचं. तेवढ्यात गर्दीत संधी मिळाली आणि बापलेक निसटले.

मला हा प्रसंग सुटलेला वाटत नाही. दुसऱ्याचा जीव वाचवायला खोटं कार्ड चालतं आणि स्वतःचा वाचवायला चालत नाही, यात तर्क कुठे आहे? बापाबरोबर तो मुलगाही होता. तरी या विसंगतीमुळेच मी या माणसावर विश्वास ठेवतो. खोट्याची सवय लागून ते बिनबोभाट होऊन जावं, हे त्यांनी स्वतःच्या बाबतीत होऊ दिलं नाही.

१९९० मध्ये ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने शाम्बों आणि शेजारच्या गावांतल्या रहिवाशांचा एकत्रित गौरव केला. एका माणसाऐवजी अख्ख्या परिसराला असा मान फार क्वचित मिळाला आहे. पण एव्हाना त्रोक्मे हयात नव्हते; ते १९७१ मध्ये वारले.

१९४४ च्या उन्हाळ्यात परिसर मुक्त झाला आणि हाती लागलेले जर्मन सैनिक गावाजवळ कैदेत ठेवले गेले. त्रोक्मे त्यांनाही भेटायला जाऊ लागले. ज्यांनी आपली माणसं गमावली होती त्या गावकऱ्यांना ते आवडलं नाही. पाळक शत्रूला गोंजारतात, अशी कुजबुज सुरू झाली. मग त्यांनी असं केलं की सकाळी चर्चमध्ये गावकऱ्यांसमोर फ्रेंचमध्ये जे प्रवचन द्यायचं, तेच दुपारी छावणीत कैद्यांसमोर जर्मनमध्ये द्यायचं. दोन्हीकडचे श्रोते नाराजच राहिले.